पहिल्या मिडटर्मचा पेपर हातात पडेल तेव्हा

कर्ज काढून, स्कॉलरशिपच्या भरवशावर, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचून तुम्ही अमेरिकेत सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या डिग्रीला आलात. सिमकार्ड, बँक खातं आठवड्यात उरकतं. खरी परीक्षा साधारण सहाव्या आठवड्यात, कॅल्क्युलसची पहिली मिडटर्म परत मिळते तेव्हा.

मला शंभरात ४१ होते. पेपर चार घड्या घालून बॅगेच्या तळाशी कोंबला आणि दहा दिवस लायब्ररीच्या तळघरात एकटाच गणितं सोडवत बसलो. फोनवर आईला "मस्त चाललंय". अभ्यास कमी नव्हता हो, उलट जास्तच होता. एकाच चुकीचा सराव चालला होता.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन या गणितज्ञांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. मुलं आळशी नव्हती, पण एकेकटी अभ्यास करत होती. चांगले गुण मिळवणारी चिनी वंशाची मुलं आधी स्वतः सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइझमननी मग गटात बसवून गणितं दिली, तीही सोपी नाही, अवघड. तेव्हा आपल्याच रूममेटवर थांबू नका. वर्गातले दोघेतिघे गाठा.

ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटायला ठेवतात त्या वेळेला, जा. सरांना त्रास कशाला, हा आपला संकोच इथे फार महागात पडतो. ती वेळ तुमच्यासाठीच ठेवलेली असते. मात्र "काहीच कळत नाही" म्हणत जाऊ नका, अर्धवट सोडवलेलं गणित न्या. मी गेलो तेव्हा प्रोफेसरांनी गुण विचारलेही नाहीत. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ कुठून आली?" चेन रूल लावताना आतल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह मी दर वेळी विसरत होतो. पाच मिनिटांचं काम, आणि मी दहा दिवस लपून बसलो होतो.

नोकरीचं थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. करता येतं म्हणून करायलाच हवं असं नाही, पहिल्या सेमिस्टरला निम्मंच बरं. बाहेर गुपचूप रोखीचं काम कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून इथे राहायचा कायदेशीर दर्जाच, जातो. पैशांची फारच ओढाताण झाली तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात विचारा, अनेक विद्यापीठांत अडीअडचणीसाठी निधी असतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. बॅचलर्सला एफ-१वर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट (विषयांचा भार मोजायचं एकक) लागतात. एखादा विषय झेपत नसेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओंना (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटा, ड्रॉपचं बटण नंतर. इंग्रजी किंवा इथली शिकवण्याची पद्धत सुरुवातीला जड जात असेल, तर ते क्रेडिट कमी करायची परवानगी देऊ शकतात. पण किमान ६ ठेवावे लागतात, आणि या कारणासाठी एका डिग्रीत ही सवलत एकदाच. परवानगीआधी ड्रॉप केलंत तर स्टेटसच धोक्यात येतं.

विषय सोडायची शेवटची तारीख सिलॅबसमध्ये नसली तर अकॅडेमिक कॅलेंडरमध्ये सापडेल. आजच बघून फोनमध्ये टाका, आणि रिमाइंडर तिच्या दोन आठवडे आधीचा लावा.