बँड गप्प झाला? गच्चीवर चढण्याआधी सूर्याची खबर घ्या

मे महिन्यातली भर दुपार. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा, परवाना नुकताच मिळालेल्या एका मुलाचा फोन आला. "दादा, चाळीस मीटरवर एकदम सामसूम आहे. हैदराबाद, भोपाळ, कोणीच नाही. अँटेना गेला वाटतं, वर जाऊन बघू का?" नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तापल्या स्लॅबवर चढायचं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. म्हटलं, थांब. त्याच डायपोलवर (तारेच्या अँटेनावर) पंधरा मीटर लाव. (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, त्याला तरंगलांबीचं नाव असतं; मीटर जितके जास्त, तितकी फ्रिक्वेन्सी खालची. ४० मीटरचा डायपोल १५ मीटरवर, म्हणजे २१ मेगाहर्ट्झवरही चालतो.) तिथे क्षीण का होईना, आवाज होते. म्हणजे तार शाबूत, कोएक्स (अँटेनाची केबल) शाबूत. सूर्यावर ज्वाला भडकली होती. पाऊण तासात चाळीस मीटर पूर्ववत झाला.

हे ओळखायला शिकणं अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो.

आधी घड्याळ. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो सव्वाबाराच्या आसपास. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यामुळे विद्युतभारित हवेचा 'डी' थर तयार होतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. ८० मीटर जवळजवळ बंद, ४० मीटर जवळपासचाच. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. लहानपणी ट्रान्झिस्टरवर रात्रीच लांबची स्टेशनं लागायची, ती याच कारणाने. तेव्हा दुपारी २०, १५, १० मीटर आणि रात्री ४०, ८० मीटर हा साधा नियम आधी अंगवळणी पाडा.

मग तीन आकडे. पहिला सोलर फ्लक्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं माप. कॅनडातल्या पेंटिक्टनला १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीवर तो मोजतात. ७० च्या आसपास असेल तर सूर्य झोपलेला आणि १० मीटर बहुतेक बंद; १५० च्या वर टिकून राहिला तर दिवसा १० मीटरवर जग ऐकू येतं. एका दिवसाच्या उडीवर जाऊ नका, आठवडाभराचा कल बघा. सध्याचं २५ वं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शिखरावर पोचलं. आता उतार आहे, म्हणून १० मीटरचा अँटेना बांधायचा असेल तर लांबणीवर टाकू नका.

दुसरा के निर्देशांक, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती डळमळलंय त्याचं माप, ० ते ९. दर तीन तासांनी बदलतो. आपल्या वेळेने पहाटे साडेपाच, मग साडेआठ, साडेअकरा असं. ५ म्हणजे चुंबकीय वादळ. इथे माझं स्पष्ट मत आहे: के ४ दिसला म्हणून नागपूरच्या माणसाने रेडिओ बंद करू नये. वादळाचा पहिला मार बसतो तो ध्रुवाजवळून जाणाऱ्या मार्गांना, म्हणजे आपल्याकडून अमेरिकेला. श्रीलंका, मॉरिशस, ऑस्ट्रेलिया बरेचदा तग धरतात. दक्षिणेकडे कान लावा. १० मे २०२४ सारखं वादळ आलं, ज्यात लडाखच्या आकाशात लाली दिसली, तर गोष्ट वेगळी.

तिसरा आकडा ज्वालेचा वर्ग. सी किरकोळ, एम जाणवणारा, एक्स मोठा. ज्वालेचे क्ष-किरण 'डी' थर दाट करतात आणि ते आठ मिनिटांत पोचतात, त्यामुळे पूर्वसूचना अशी मिळतच नाही.

आता स्वतःच्या कानाने खात्री करा. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. १४.१०० मेगाहर्ट्झवर मोर्सच्या मोडमध्ये तीन मिनिटं बसा. जगभरातले १८ बीकन (आपोआप खूण पाठवणारी स्टेशनं) पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात: आधी कॉलसाइन (स्टेशनची ओळख), मग चार लांब डॅश. पहिला डॅश १०० वॅटचा, पुढचे १०, १ आणि ०.१ वॅटचे. कोलंबोचा बीकन नागपूरपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. त्याचा तिसरा डॅशही ऐकू आला, तर तुमची तार आणि आकाश, दोन्ही धडधाकट. एखादा बीकन दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, म्हणून एकावरून निकाल देऊ नका. २१.१५० आणि २८.२०० वरही हेच करा आणि किती डॅश ऐकले ते वहीत लिहा. महिनाभराची ही वही तुमच्या गच्चीपुरती कुठल्याही तक्त्यापेक्षा खरी ठरते.

गडबड झालीच तर असं ओळखा. ज्वालेचा परिणाम फक्त उजेड असलेल्या भागात, अचानक होतो. खालचे बँड आधी मरतात आणि शेवटी परततात. वादळात उलट, वरचे बँड आधी ढासळतात आणि त्रास दिवस-दोन दिवस चालतो. कारण सूर्याने फेकलेला ढग इथे यायला एक ते तीन दिवस घेतो आणि सावकाश निवळतो. आणि नुसती घरघर वाढली असेल तर सूर्याला सोडा. कूलरची मोटर, इन्व्हर्टर, एलईडी दिवे एकेक बंद करून बघा.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर आवाज पाण्याखालून आल्यासारखे थरथरतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार लांब नाही. तिथे संध्याकाळी रेडिओ लहरी परत खाली वळवणारा वरचा थर फाटल्यासारखा विस्कटतो. सेटिंग बदलत बसू नका. बहुधा मध्यरात्रीनंतर आवाज स्वच्छ होतो, तेव्हा पुन्हा हाक द्या.