बोलोन्यात बर्फाचा दिवस : बाहेर पडण्यापूर्वीची तयारी

बर्फ पडणार असे कळले की आपला हात आधी छत्रीकडे जातो, पण इटलीतल्या बोलोन्याच्या यादीतून सर्वांत आधी खोडावी ती छत्रीच. या शहरातल्या घरांचा वरचा मजला पादचारी मार्गावर पुढे आलेला असतो आणि खांब-कमानींनी पेललेल्या त्या छताखालून, आपल्याकडच्या लांबलचक पडवीतून चालावे तसे, लोक बाराही महिने चालत असतात. या छताखालच्या मार्गांना पोर्तिको म्हणतात. त्यांची लांबी जुन्या शहरात सुमारे ३८ किलोमीटर आणि संपूर्ण शहरात सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. १२८८ च्या नगरनियमाने नव्या घरांना पोर्तिको सक्तीचा केला आणि त्याची उंची किमान २.६६ मीटर ठेवायला लावली, कारण खालून घोडेस्वार जाऊ शकला पाहिजे. तेव्हा छत्री हॉटेलवरच ठेवावी, कारण त्या गर्दीत ती उघडली तर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि मिटली तर ओली काठी दिवसभर सांभाळावी लागते. टोपी असलेले, पाणी न झिरपणारे जाकीट पुरते.

खरी तयारी करायची ती बुटांची, आणि तीही आदल्या संध्याकाळी. पोर्तिकोखाली बर्फ पडत नाही हे खरे, परंतु शेकडो लोक आपापल्या तळव्यांना चिकटवून तो आत आणतात, तिथे तो वितळतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या त्या फरशीवर पाण्याचा न दिसणारा थर साचतो. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरील कासा इझोलानी या घराचा तेराव्या शतकातला पोर्तिको सुमारे नऊ मीटर उंचीच्या लाकडी खांबांवर उभा आहे. ते खांब मान वर करून पाहत असताना माझ्या पायातल्या ऑफिसच्या सपाट तळव्याच्या चामडी बुटांनी दगा दिला आणि मी सरळ खाली बसलो. मागून येणाऱ्या आजीबाईंनी मला उठवण्याआधी माझ्या बुटांकडे पाहिले, आणि त्यांचे काय मत झाले ते सांगायला भाषेची गरज पडली नाही. रबरी तळवा, त्यावर बोटाला जाणवतील इतक्या खोल खाचा आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारी, पाणी न शोषणारी कड, एवढे तीन गुण बुटात असावेत. डोंगरात वापरतात तसे अवजड हिमबूट नेण्याचे कारण नाही. लोकरी मोजे घालून बूट चढवून पाहावेत, कारण बोटे आवळली गेली की मोजे कितीही जाड असले तरी पाय गारठतात. पाणी बुटात शिरते ते बहुतेक रस्ता ओलांडताना, जिथे एक पोर्तिको संपून दुसरा सुरू होतो आणि मध्ये मळकट, अर्धवट वितळलेल्या बर्फाचा रबरबाट असतो. म्हणून जास्तीच्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठपिशवीत टाकावा.

कपड्यांच्या बाबतीत एकच जाडजूड कोट घेण्याची चूक आपल्याकडचे पुष्कळजण करतात. बर्फाच्या दिवशी बाहेर तापमान शून्याच्या आसपास असते, पण दुकानात किंवा कॉफीच्या बारमध्ये पाऊल टाकताच ऊब लागते आणि घाम फुटतो. तोच घाम बाहेर आल्यावर अंगात थंडी भरवतो. अंगालगत थर्मल, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि वरून वारा अडवणारे जाकीट असे तीन थर असावेत, म्हणजे मधला काढता-घालता येतो. कानटोपी आणि हातमोजे विसरू नयेत. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात ठेवावा.

दिवसाचा क्रम मात्र घड्याळ पाहून ठरवावा लागतो, कारण जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी लवकर, बर्फ तुडवला जाण्याआधी, पियाज्जा माज्जोरे हा मुख्य चौक गाठावा. तिथल्या सान पेत्रोनिओ या १३९० मध्ये बांधायला घेतलेल्या महामंदिराच्या फरशीवर खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने १६५५ मध्ये आखलेली सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आहे. छताजवळच्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा जानेवारीत दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान ती ओलांडतो. बर्फ पडत असताना तो अर्थातच दिसत नाही, पण बर्फ थांबून आभाळ उघडले तर बाकी सर्व सोडून तिथे परतावे, कारण हिवाळ्यात हा कवडसा लांबट होऊन रेषेच्या दूरच्या टोकाकडे पडतो. आर्किजिन्नाझिओ या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीतील १६३७ चे लाकडी शरीरविच्छेदनगृह भर बर्फवृष्टीच्या तासासाठी राखून ठेवावे. २९ जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले होते आणि नंतर ढिगाऱ्यातून मिळालेले अवशेष वापरून पुन्हा उभारले गेले.

मनोऱ्यावर चढण्याची कल्पना यादीतून काढून टाकावी. गारिझेंदा या कललेल्या मनोऱ्याच्या स्थितीमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्याभोवतीचा भाग बंद करण्यात आला आणि शेजारच्या ९७ मीटर उंच आझिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्याही बंद झाल्या. दुरून पाहायला कुणाची आडकाठी नाही. ढग वरून सरकत असताना गारिझेंदा आपल्यावर कोसळते आहे असा भास होतो, हे इटालियन कवी दान्तेने नोंदवून ठेवले आहे, आणि बर्फाच्या दिवशी ढगांना तोटा नसतो.

सान लुकाची टेकडी चढायची की नाही, हे दुपारी दीडच्या आत ठरवावे. सारागोत्सा वेशीपासून ६६६ कमानींचा सुमारे ३.८ किलोमीटरचा पोर्तिको थेट वरच्या देवस्थानापर्यंत जातो. मेरीच्या प्रतिमेची मिरवणूक पावसात भिजू नये म्हणून १६७४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, त्यामुळे चढण छपराखालचीच आहे. तरी मेलोन्चेल्लोच्या कमानीपुढे चढ चांगलाच उभा होतो आणि उतरताना ओल्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. बुटांविषयी शंका असेल तर जाऊ नये.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. थंडीत सर्वत्र मिळणाऱ्या तोर्तेल्लिनीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, डुकराचे मांस असते आणि ज्या रश्श्यात त्या वाढतात तोही मांसाचाच असतो, म्हणून केवळ ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे म्हणून भागत नाही. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेल्या, लोणी आणि सेजची सुगंधी पाने घातलेल्या मोठ्या तोर्तेल्लोनी मागाव्यात. पारमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते, ते चालत नसेल तर तेही सांगावे. दुपारी अडीचनंतर पुष्कळ स्वयंपाकघरे बंद होतात, तेव्हा जेवण लांबवू नये.

पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि त्याच रात्री पुढची गाडी असेल तर मध्ये दोन-तीन तासांची सवड ठेवावी. शेवटची वस्तू परतताना विकत घ्यायची आहे : ‘इल रेस्तो देल कार्लिनो’ या १८८५ पासून निघणाऱ्या स्थानिक वर्तमानपत्राचा एक अंक. ओले बूट हीटरला टेकवून ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो. त्याऐवजी पानांचे सैल बोळे करून पुढच्या टोकापर्यंत भरावेत, तासाभराने बदलावेत, आणि हवामानाचे पान तेवढे बाजूला काढून ठेवावे.