मुलांकडे गिल्बर्टला राहायला येताय? पाट धरून चाला

राहुरीच्या पाटबंधारे शाखेत माझी एकतीस वर्षं गेली. मुळा धरणाचं आवर्तन, म्हणजे पाळीपाळीने सोडायचं पाणी, सुटलं की ते शेवटच्या चारीपर्यंत, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटापर्यंत, न्यायचं, आणि नाही पोचलं तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या, हे आमचं काम. आता लेक-जावई अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, फिनिक्सच्या पूर्वेला गिल्बर्ट गावात असतात. मी आणि सौ. तिसऱ्यांदा आलोय. पहिल्या खेपेला दोन महिने खिडकीत बसून काढले आणि जावयाच्या गाडीची वाट बघितली. तसं तुमचं होऊ नये म्हणून लिहितोय. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी कामापुरतं, गुडघे बरे, एवढं धरून चाललो आहे.

आधी यायचं कधी ते ठरवा. तिकीट तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबरच्या मध्यावर या आणि एप्रिलात परत फिरा. पोरं म्हणतात, नातवंडांना सुट्टी असते, जूनमध्ये या. ऐकू नका. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या, खाली आला नव्हता. नगर जिल्ह्यातला मे काढलेला माणूस म्हणतो, त्याचं काय एवढं! मीही म्हणालो होतो. पण इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, येतो तसा वाळून जातो, आणि तहान लागायच्या आधी डोकं धरतं. उन्हाळ्यात यावंच लागलं तर जूनमध्ये सूर्य सव्वापाचलाच वर येतो. तुम्ही पाचला बाहेर पडा आणि सातला घरात या. पाण्याची बाटली सकाळच्या फेरीलाही हवी. गाडीत बसताना पट्ट्याच्या बकलला हात लावू नका, चटका बसतो.

दुसरं, गावाची आखणी समजून घ्या. मोठे रस्ते काटकोनात आणि एकमेकांपासून बरोबर एक मैलावर. एका चौकातून पुढच्या चौकात गेलात की तुम्ही १.६ किलोमीटर चाललात, घड्याळ बघायला नको. पण या रस्त्यांनी चालू नका. सावली नाही, गाड्या सुसाट, आणि चालणारे तुम्ही एकटेच. पाट शोधा. जावयाला मोबाइलच्या नकाशात ईस्टर्न कॅनॉल आणि कन्सॉलिडेटेड कॅनॉल दाखवायला सांगा. दोन्ही गावातून जातात आणि त्यांच्या कडेने चालायला, सायकलला मार्ग आहेत. सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं पाणी या पाटांतून खोऱ्यात फिरतं. वरचं रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पुरं झालं, पण पाट काढण्याची विद्या त्याच्या कितीतरी आधीची. होहोकाम नावाच्या इथल्या प्राचीन लोकांनी काही शतकं हाताने पाट खोदून इथे शेती केली होती.

पाटावर दोन गोष्टी बघा. एक, पाण्यात मोठाले मासे दिसतील. ते पाटातलं गवत खायला मुद्दाम सोडलेले, व्हाइट अमूर म्हणतात. आम्ही पाटातलं गवत काढायला मजूर लावायचो. इथे ते काम मासे करतात. कुणी गळ टाकून बसलेला असेल आणि अमूर लागला तर तो परत पाण्यात सोडावा लागतो. दुसरी गोष्ट, काठ अस्तरीकरणाचे, म्हणजे काँक्रीटने लिंपलेले, आणि गुळगुळीत असतात, पाय घसरला तर वर यायला धरायला काही नाही. नातवाचा हात सोडू नका. हिवाळ्यात एखादे दिवशी पाट कोरडा दिसला तर घाबरू नका, दुरुस्तीसाठी बंद ठेवतात.

आता मुख्य जागा. ग्रीनफिल्ड आणि ग्वाडालूप रस्त्यांच्या चौकाजवळ रिपॅरियन प्रिझर्व्ह आहे, वॉटर रँच म्हणूनही विचारतात. ११० एकर, सात तळी, आत यायला पैसे नाहीत. गावाचं सांडपाणी शुद्ध करून या तळ्यांत सोडतात आणि ते खाली मुरून भूजलात जातं. थोडक्यात पाझर तलाव. सातही तळी एकदम भरत नाहीत, आलटून पालटून भरतात. मला हे कळलं त्या दिवशी मी सौ.ला म्हणालो, बघ, इथेही आवर्तन आहे. ती म्हणाली, रिटायर झालात, आता पक्षी बघा.

पक्षी मात्र बघण्यासारखेच. जवळजवळ तीनशे जातींची नोंद इथे झाली आहे. कुठल्या तळ्याकडे जायचं याची माझी युक्ती सांगतो: काठोकाठ भरलेलं तळं सोडा आणि जे अर्धं आटलंय, चिखल उघडा पडलाय, तिथे जा. चिखलात किडे असतात, म्हणून सगळी लांब पायांची मंडळी तिथेच जमतात. आपल्या शेकाट्याचा चुलतभाऊ शोभावा असा काळा-पांढरा, गुलाबी तंगड्यांचा पक्षी तिथे हमखास सापडतो. झुडपांखालून लाव्हऱ्यांसारखे गोल पक्षी ओळीने पळतात, कपाळावर स्वल्पविरामासारखा तुरा. पाव-बिव टाकू नका. मोठे कॅमेरे घेतलेली म्हातारी माणसं सकाळी असतात. नुसतं बोट दाखवून हसलं तरी ते दुर्बीण पुढे करतात. माझी इथली पहिली ओळख अशीच झाली.

त्याच आवारात वेधशाळा आहे. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल तर हौशी खगोलवाले दुर्बिणीतून आकाश दाखवतात, फुकट. नातवाने शनीची कडी बघितली आणि मागे वळून विचारलं, आजोबा, हे स्टिकर आहे का? शेजारीच साउथईस्ट रीजनल लायब्ररी. ऊन चढलं की आत जाऊन बसा, थंड हवा, प्यायचं पाणी, स्वच्छतागृह. लेकीच्या कार्डावर संग्रहालयांचे मोफत पासही मिळतात, कल्चर पास म्हणून विचारायचं.

मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण मात्र फारसं कुणी दाखवत नाही. २०२ महामार्गाजवळ लिंडसे रस्त्यावर झँजेरो पार्क आहे. तिथे जमिनीत नळकांडी पुरून घुबडांसाठी बिळं केली आहेत. आपल्या पिंगळ्याएवढी घुबडं, लांब पायांची, दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभी राहून आपल्याकडे रोखून बघतात. लांबूनच बघा. पण मी थांबलो तो नावापाशी. झँजेरो म्हणजे काय, लेकीने मोबाइलवर बघितलं: पाटाची दारं उघडून ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी देणारा माणूस. म्हणजे पाटकरी! पाटकऱ्याच्या नावाची बाग! आमच्याकडे पाटकऱ्याच्या नावाने काय काय होतं ते इथे लिहिता येत नाही.

खरं वाळवंट बघायचं तर सॅन टॅन माउंटन रीजनल पार्क, क्वीन क्रीकजवळ, दहा हजार एकरांहून मोठं. गाडी लागते आणि गाडीमागे प्रवेश फी आहे, म्हणून रविवारी सकाळी. सग्वारो निवडुंगाला पहिला हात, म्हणजे बाजूची फांदी, फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं सहज जातात, तेव्हा हातवाला दिसला की तो तुमच्याआमच्या वयाचा समजा. सोबत जाड दातांचा कंगवा न्या. चोया नावाचा निवडुंग आहे, उन्हात सोनेरी, मऊ लव असल्यासारखा. मी सँडल घालून गेलो होतो. नुसता घासलो आणि लिंबाएवढा गोळा पायाला चिकटला. हाताने ओढायला गेलो तर बोटांना. शेवटी लेकीने पर्समधला कंगवा गोळ्याखाली सरकवून झटका दिला, गोळा उडून पाच फुटांवर. बूट घाला, मोजे जाड घाला.

बाकी थोडक्यात. फ्रीस्टोन पार्कात छोटी आगगाडी आहे, नातवंडं दोन फेऱ्यांशिवाय उतरत नाहीत. जुन्या गावात पाण्याची उंच टाकी आहे, तिथे शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाव ऐकून रुपयात हिशेब करू नका. शंभर वर्षांपूर्वी हे गाव घासाच्या गाठी रेल्वेने पाठवण्यासाठी प्रसिद्ध होतं. हो, आपला लसूणघासच. गणपतीचं दर्शन हवं असेल तर मारिकोपा गावात महागणपतीचं देऊळ आहे, गाडीने तासाभराच्या आत.

जुलै-ऑगस्टात वळवासारखा पाऊस येतो आणि त्याच्याआधी धुळीची भिंत. पाटावर असाल तर तडक घर गाठा. गाडीत असाल तर चालवणाऱ्याला आठवण करा: रस्त्यापासून पूर्ण बाजूला, दिवे बंद, ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा त्यांच्यामागे येऊन आदळतो.

आणि जुन्या वस्तीत, अंगणाला मातीचा बांध असलेल्या घरात कुणाशी ओळख झाली तर पाण्याची पाळी कधी आहे ते विचारा. अजूनही काही अंगणांना पाटाचं पाणी मोकळं सोडून देतात. तळ्यावर ओळख झालेल्या दुर्बीणवाल्या आजोबांची पाळी रात्री अडीचला होती. मी जावयाला उठवून गेलो. त्यांनी कोपऱ्यातली झडप फिरवली, पाणी बुडबुडत वर आलं आणि लिंबाच्या झाडांखालून पसरत गेलं. ओल्या मातीचा वास राहुरीचाच. पलीकडच्या कोपऱ्यात बांध खचला होता, पाणी फुटून शेजाऱ्याच्या अंगणात चाललं होतं. मी फावडं मागून घेतलं.