कोरियात वाढदिवस: आधी शेवाळाचं सूप, मग केक

माझा वाढदिवस १६ जानेवारीला. वाईला असताना तो संक्रांतीच्या गडबडीत बुडून जायचा, केकच्या शेजारी हमखास तिळगुळाचा डबा असायचा. पीएचडीसाठी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात आले, त्या वर्षी मी दिवसभर वाट बघत बसले, लॅबमधलं कोणी काहीतरी करेल म्हणून. सहा वाजले, सगळ्यांनी जॅकेटं चढवली, 'उद्या भेटू' म्हणाले आणि गेले. मी हॉस्टेलवर जाऊन मॅगी नाही, रामयॉन खाल्लं आणि थोडी रडले.

दोष त्यांचा नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं. आणि इथे ज्याचा वाढदिवस, तोच बहुधा मित्रांना बोलावतो आणि पहिलं जेवण त्याच्याकडून असतं. म्हणजे आपल्या 'पार्टी कधी देतेस?' सारखंच. आपण बोलवायचं. एकदा हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

पहिलं काम आठवडाभर आधी करा: काकाओटॉकमध्ये (इथलं व्हॉट्सअ‍ॅप म्हणा) आपली जन्मतारीख टाका आणि ती मित्रांना दिसेल असं सेटिंग ठेवा. त्या दिवशी तुमचं नाव त्यांच्या यादीत वाढदिवसवाल्यांत दिसतं आणि सकाळपासून कॉफीची, केकची कूपनं यायला लागतात. कूपन आलं की नुसतं हृदय पाठवून गप्प बसू नका. त्या माणसाचा वाढदिवस टिपून ठेवा, कारण त्याला तसंच काहीतरी परत जायला हवं. आपल्याकडे हळदीकुंकवाच्या वाणाचा जसा हिशोब मनात ठेवतात, तसाच हा.

बोलावताना कोण काय खात नाही ते आधीच विचारा. आमच्यात एक नागपूरचा शाकाहारी, एक इंडोनेशियाची हलाल खाणारी आणि तीन कोरियन, ज्यांना मांस नसलेलं जेवण म्हणजे नाश्ता वाटतो. नुसतं 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे 'मांस काढून द्या', एवढ्यावर भागत नाही. किमचीत, म्हणजे इथल्या भाजीच्या आंबवलेल्या लोणच्यात, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो आणि पातळ रश्श्यात सुक्या मासळीचं पाणी. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मांस काढून मिळतो, पण त्यावरच्या अंड्याचं वेगळं सांगावं लागतं. मुख्य जेवण घरी करायचं आणि बाहेर फक्त कॉफी, गाणी, फोटो, हा मार्ग मला सगळ्यात कमी डोकेदुखीचा वाटतो. मसाले, हरभऱ्याची डाळ, रवा हे सगळं मी सोलला गेले की इतेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांतून आणते. केटीएक्स या वेगवान रेल्वेने सोल तासाभरावर आहे.

आता सूप. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

वाढदिवसाच्या सकाळी इथे मियॉकगुक खातात, समुद्री शेवाळाचं सूप. 'मियॉकगुक खाल्लंस का?' हा प्रश्न 'हॅपी बर्थडे'च्या जोडीने येतोच. कारण असं, की बाळंतिणीला इथे हेच सूप काही आठवडे देतात. म्हणून वाढदिवसाला ते खाताना आईची आठवण काढायची. मला हे लॅबमधल्या ओन्नीने (म्हणजे ताईने, वयाने मोठ्या मैत्रिणीने) सांगितलं तेव्हा मला अळिवाचे लाडू आठवले. आपण बाळंतिणीला अळीव आणि डिंक खाऊ घालतो, पण ते लाडू लेकरांच्या वाढदिवसाला काही कोणी करत नाही. करायला हवेत खरं तर. एक मात्र सांभाळा: परीक्षा किंवा मुलाखत असलेल्याला हे सूप त्या दिवशी वाढू नका. शेवाळ बुळबुळीत, म्हणून माणूस घसरतो, म्हणजे नापास होतो, असा इथला समज.

चौघांना सुकं मियॉक, म्हणजे ते शेवाळ, २० ग्रॅम पुरतं. मूठभर दिसतं आणि तुम्हाला वाटेल, एवढ्याने काय होणार. मलाही वाटलं होतं. मी अख्खं पाकीट भिजवलं आणि वीस मिनिटांनी पातेलं, परात, शेवटी धुण्याची बादली, सगळीकडे हिरवं शेवाळ. ते दहापटीच्या आसपास फुगतं. तर २० ग्रॅम, गार पाण्यात वीस मिनिटं. मग दोनतीनदा धुवायचं, पिळायचं, कात्रीने कापायचं. पातेल्यात चमचाभर तिळाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण आणि मियॉक दोनतीन मिनिटं परतायचं. दोन चमचे गुकगांजांग घाला. हा सुपासाठीचा सोया सॉस, नेहमीच्यापेक्षा रंगाने फिका पण खारट जास्त, म्हणून मीठ चव बघूनच. मग सहा वाट्या पाणी आणि मंद आचेवर अर्धा तास. कोरियन घरांत यात गोमांस किंवा शिंपले असतात. शाकाहारी करायचं तर शेवटी दोन चमचे देउल्क्के, म्हणजे पेरिल्लाच्या बियांची पूड घाला, दाटपणा येतो आणि मांसाची उणीव भासत नाही. दुकानातली तयार सूप पावडर घेताना पाकीट वाचा, त्यात बहुधा गोमांस असतं. आणि फोडणीचा मोह आवरा. मी एकदा जिरं घातलं होतं. ओन्नी काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं नाही.

केकसाठी देजॉनमध्ये असाल तर सोंगशिमदांग. १९५६ साली देजॉन स्टेशनजवळ वाफवलेल्या बनचं दुकान म्हणून सुरू झालेली ही बेकरी, आणि तिच्या शाखा देजॉनबाहेर नाहीत. हिवाळ्यात त्यांचा स्ट्रॉबेरीचा केक मिळतो, केक कमी आणि स्ट्रॉबेरी जास्त असा. माझा वाढदिवस ऐन मोसमात, त्यामुळे महाबळेश्वरच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला इथेही स्ट्रॉबेरी चुकत नाही. रांग लांब असते. जानेवारीत उणे तापमानात उभं राहायचं तर हातमोजे न्या. इतर शहरांत पॅरिस बगेत किंवा तू ले जूर कोपऱ्याकोपऱ्यावर आहे.

काउंटरवर विचारतात, मेणबत्त्या किती? पहिल्यांदा मी 'सव्वीस' मनात मोजत होते आणि हाताने काय दाखवावं कळेना. सोपं आहे. वय सांगायचं, ते दहाची एक लांब आणि एकाची एक बुटकी असा हिशोब करून देतात. सव्वीसला दोन लांब, सहा बुटक्या. काडी आणि प्लास्टिकची सुरीही मिळते. कुठलं वय, असा घोळ पूर्वी होता, कारण जन्मताच एक धरून दर १ जानेवारीला सगळे एकदम मोठे व्हायचे. २८ जून २०२३ पासून कायद्याने आपल्यासारखंच वय मोजतात. पण ओळख झाली की जन्मसाल अजून विचारतात, कारण ताई म्हणायचं की नावाने हाक मारायची हे त्यावर ठरतं. यात आपल्याला नवीन काय, आपणही दादा-ताई केल्याशिवाय बोलत नाही.

नागपूरकर अंडं खात नाही. अंड्याविना केक शोधण्यात मी दोन वर्षं घालवली आणि उत्तर बाजारातल्या तॉकच्या, म्हणजे तांदळाच्या पदार्थांच्या, दुकानात सापडलं. बेकसॉल्गी म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पांढरा केक. त्यात तांदूळ, पाणी, मीठ, साखर, बस. जरा उकडीच्या मोदकाच्या पारीची आठवण येते. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर ताजा मिळतो. त्याच दुकानात क्केगांगजॉंगही घ्या: तिळाच्या वड्या, गुळाऐवजी पाकात वळलेल्या. त्या वाटताना मी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायला लावते. माझ्या रूममेटला आता 'गोड बोला' स्पष्ट येतं, 'ळ' मात्र अजून नाही.

सजावटीसाठी दाइसो, स्वस्त वस्तूंचं दुकान. तिथे सगळं ५०० ते ५००० वॉनच्या आत, फुगे, झालर, कागदी टोप्या. शुभेच्छापत्रावर कोणाचं नाव लाल शाईने लिहू नका, लाल नाव मृत माणसाचं मानतात.

वेळ संध्याकाळी सातची ठेवा, आणि हे आईसाठी. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इथे सकाळी आठला औक्षण करायचं म्हटलं तर आईचे पहाटेचे साडेचार. सातला तिथे साडेतीन वाजलेले असतात, तिची दुपारची झोपही झालेली असते. हॉस्टेलमध्ये ज्योत लावायला मनाई, म्हणून निरांजन ती वाईतच लावते आणि फोनच्या पडद्याला ओवाळते. इथे रूममेट माझ्या कपाळाला कुंकू लावते. मग सगळे 'सेंगिल चुखा हामनिदा' गातात, चाल आपल्या ओळखीचीच, आणि आई पलीकडून टाळ्या वाजवते, अर्धा सेकंद उशिरा. (रात्री बाराला फोन करणाऱ्यांसाठी: तेव्हा भारतात साडेआठच वाजलेले असतात, आई म्हणते, 'अगं, अजून उद्या झालेला नाही.')

जेवणानंतर इलछा, ईछा, समछा, म्हणजे पहिली फेरी, दुसरी, तिसरी. पहिलीचे पैसे तुम्ही दिलेत की दुसरीला बहुधा कोणीतरी खिशात हात घालतंच, उगाच भांडू नका. नोरेबांगला, म्हणजे कराओकेला, जा. नाणी टाकून गायच्या छोट्या खोल्या स्वस्त पडतात, पण त्या दोघातिघांच्याच. चार फोटोंची पट्टी देणाऱ्या बूथमध्ये एक चक्कर मारा. वयाने मोठं कोणी सोजू (इथली दारू) ओतत असेल तर पेला दोन्ही हातांनी धरा आणि पिताना मान बाजूला वळवा. न पिणाऱ्याने सायडर मागावं, ते इथे लिंबूसोड्यासारखं असतं, दारू नसते. शेवटची मेट्रो बाराच्या आसपास, घड्याळाकडे लक्ष असू द्या. वाढदिवस मे-जूनमधला असेल तर हे सगळं सोडून नदीकाठी चटई टाका, आमच्याकडे गापचॉन, सोलला हान. मला ते सुख नाही.

घरी पार्टी केली तर दहानंतर आवाज खाली, खालचे शेजारी तक्रार करतात. आणि रात्रीच कचरा वेगळा करा. साधा कचरा ठरलेल्या विकतच्या पिशवीतच जातो, ही पद्धत १९९५ पासून आहे. उरलंसुरलं अन्न वेगळं, केकचं खोकं कागदात, शेंगांची टरफलं मात्र साध्या कचऱ्यात, अन्नात नाही. यावरून मला इमारतीच्या काकांनी परत खाली बोलावून पिशवी उघडायला लावली होती, वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, डोक्याला कागदी टोपीचं रबर तसंच.