भाड्याची गाडी: काउंटरवर जाण्याआधी

परदेशात विमानतळावर स्वतः चालवायला भाड्याची गाडी घेताना जे काही बिघडतं, ते बहुतेक वेळा काउंटरवरच्या दहा मिनिटांत बिघडतं. रात्रभराचा प्रवास झालेला असतो, डोळे चुरचुरत असतात, मागे रांग वाढत असते आणि समोरचा माणूस स्क्रीनवर बोट ठेवून ‘इथे सही, आता इथे’ म्हणत असतो. अशा वेळी आपण कशालाही हो म्हणतो. म्हणून खालचं सगळं घरीच, डोकं ताजं असताना ठरवून टाकायचं. काउंटरवर फक्त ‘हो’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द वापरायची वेळ आली पाहिजे.

पहिलं काम लायसन्सचं, कारण त्याला दिवस लागतात. मूळ लायसन्स हवंच, फोनमधला फोटो चालत नाही. शिवाय बऱ्याच देशांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो ज्या देशाचं लायसन्स आहे त्याच देशात काढावा लागतो. उतरल्यावर तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. हा परवाना म्हणजे लायसन्सचं भाषांतर, त्यामुळे मूळ लायसन्स जवळ नसेल तर त्याला काही अर्थ नाही. आणखी एक गुंता आहे. परवान्याचे मुख्य नमुने दोन. १९४९ च्या जिनिव्हा करारातला परवाना एक वर्ष चालतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. जपानमध्ये फक्त १९४९ चा नमुना चालतो. चीनच्या मुख्य भूमीवर तर आंतरराष्ट्रीय परवाना मानतच नाहीत, तिथलं तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं. तेव्हा ‘परवाना काढला’ एवढ्यावर न थांबता कुठला काढला आणि जिथे जायचं तिथे तो चालतो का, हे बघून ठेवा.

त्यानंतर कार्ड. गाडी ज्याच्या नावावर घ्यायची त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बायकोच्या नावावर बुकिंग आणि नवऱ्याचं कार्ड, असं असेल तर गाडी काउंटरवरच अडते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत, किंवा घेतलं तर महागडा विमा गळ्यात मारतात. अनामत म्हणून बरीच मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात आणि गाडी परत केल्यावर ती मोकळी व्हायला कित्येकदा आठवडाही जातो. त्यामुळे त्या कार्डावर हॉटेलचा खर्च धरूनही पुरेशी मर्यादा शिल्लक राहते का, याचा हिशेब आधीच करा. परदेशी व्यवहार चालू आहेत ना ते पाहा आणि पिन पाठ करा. मशीनने ‘तुमच्या चलनात पैसे भरायचे का?’ असं विचारलं तर नको म्हणा, स्थानिक चलनच निवडा. त्या सोयीचा दर जवळजवळ नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

बुकिंग करताना गाडीच्या फोटोवर जाऊ नका. फोटोखाली बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं, म्हणजे आपण मॉडेल नव्हे, वर्ग बुक करत असतो. पुष्कळ कंपन्या त्या वर्गाला चार अक्षरी संकेत देतात. त्यातलं तिसरं अक्षर गिअरचं: एम म्हणजे मॅन्युअल, ए म्हणजे ऑटोमॅटिक. ‘सीडीएमआर’ दिसलं तर ती चार-पाच दारांची, एसी असलेली, हाताने गिअर टाकायची छोटी गाडी. युरोपात स्वस्तातली गाडी बहुधा मॅन्युअलच निघते. उलट्या बाजूने चालवायचं, उलट्या हाताने गिअर बदलायचे आणि त्यात अनोळखी चौक, एवढं सगळं एकदम नको असेल तर दोन पैसे जास्त मोजून ऑटोमॅटिक घ्या. बॅगा मोजायच्याही आत्ताच. माणसं पाच म्हणून पाच सीटची गाडी घेतली आणि डिकीत दोनच मोठ्या बॅगा मावल्या, ही फजिती विमानतळाच्या प्रत्येक पार्किंगमध्ये रोज कुणाची ना कुणाची होत असते.

बुकिंगमध्ये विमानाचा क्रमांक न विसरता टाका. विमान उशिरा आलं तर गाडी का राखून ठेवायची हे त्यांना त्यावरूनच कळतं, नाहीतर ‘आला नाही’ म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं. काउंटर किती वाजता बंद होतो तेही पाहा. काउंटर टर्मिनलमध्येच असेल असं धरून चालू नका. सॅन फ्रान्सिस्कोला किंवा अटलांटाला गाड्यांचं केंद्र वेगळ्या इमारतीत आहे आणि तिथे विमानतळाच्या छोट्या ट्रेनने जावं लागतं. इतर बऱ्याच ठिकाणी शटल बस असते. जिनिव्हाचा विमानतळ तर आणखी मजेशीर आहे. तिथे एक स्विस बाजू आणि एक फ्रेंच बाजू. गाडी फ्रेंच बाजूने घेतली तर परतही तिकडेच द्यायची असते. शिवाय स्विस महामार्गांसाठी लागणारा टोलचा स्टिकर त्या गाडीवर असेलच असं नाही. हा स्टिकर वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकला, दोन दिवसांसाठी वेगळा नाही.

माझं मत विचाराल तर लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच रात्री गाडी घेऊच नये. जवळच झोपा आणि सकाळी घ्या. गावातल्या शाखेत विमानतळाचा अधिभार बहुधा नसतो, त्यामुळे कधी कधी स्वस्तही पडतं. पण घरचे ऐकत नाहीत, ते एक असो.

आता विमा. इथे जरा निवांत बसा, कारण काउंटरवरची खरी विक्री याचीच असते. भाड्यात बहुधा अपघात-नुकसानीची एक मूळ हमी धरलेली असते. पण ‘हमी आहे’ याचा अर्थ ‘मला काही द्यावं लागणार नाही’ असा नाही. प्रत्येक नुकसानीत पहिली अमुक रक्कम आपण भरायची आणि वरचं त्यांनी, असा तो करार असतो. ती पहिली रक्कम चांगलीच मोठी असू शकते. काउंटरवर जे ‘पूर्ण संरक्षण’ विकतात ते ती रक्कम शून्यावर आणण्यासाठी असतं आणि त्याचा रोजचा दर कधी कधी गाडीच्या भाड्याच्याही वर जातो. हेच काम करणारा वेगळा विमा घरून स्वस्तात काढता येतो. काही क्रेडिट कार्डांवर तो आधीच असतो. फरक एवढाच, की तसा विमा असला तरी नुकसानीचे पैसे आधी तुमच्या कार्डावरून जातात आणि मग तुम्ही कागद जोडून परत मागायचे. अनामतही पूर्ण लागते. ज्याला ही दगदग नको त्याने काउंटरचाच घ्यावा, त्यात लाज नाही. फक्त ते घरी ठरवून जा.

मूळ हमीतून काय वगळलंय तेही वाचा. टायर, काचा, छप्पर आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा बाहेरच असतात. आइसलँडमध्ये खडी, वाळू आणि राखेसाठी वेगळं संरक्षण विकतात आणि त्यात भीतीपेक्षा तथ्य जास्त आहे. तिथला वारा उघडलेलं दार पार उलटं मुडपू शकतो, आणि ते नुकसान सहसा कशातच बसत नाही. दार उघडताना हाताने धरून ठेवायचं. कुठेही गेलात तरी करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर विमा उडालाच म्हणून समजा. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचं नाव घाला, त्याचं लायसन्सही बरोबर ठेवा. पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला बऱ्याच ठिकाणी जादा आकार पडतो. सीमा ओलांडायची असेल तर लेखी परवानगी लागते. लहान मुलाची सीट आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी नसते.

टोलचं प्रकरण हल्ली चिडीचूप चालतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेणारा माणूसच नाही. टोरांटोच्या ४०७ महामार्गावर पहिल्यापासून टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. बिल कंपनीला जातं आणि ती स्वतःचा हाताळणी खर्च लावून आपल्याकडून वसूल करते. म्हणून गाडीत टोलचं यंत्र आहे का, त्याचं भाडं रोजचं की वापरलं त्याच दिवसाचं, हे विचारा. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी वाहनबंदीचे भाग असतात, पाटीवर झेडटीएल लिहिलेलं असतं. नकाशा सरळ आत घेऊन जातो, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे घेते ते वेगळेच. हॉटेल अशा भागात असेल तर आधी हॉटेललाच विचारून ठेवा.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नेट नसतं. चार्जिंगची केबल बरोबर घ्या.

गाडीचा ताबा घेताना मात्र घाई नको. एकदा मी दारांचे, बंपरचे आणि काचेचे छान फोटो काढले होते. गाडी परत दिल्यावर दोनेक आठवड्यांनी ईमेल आली: पुढच्या डाव्या चाकाची रिम घासली आहे, इतके पैसे कापत आहोत. माझ्या फोटोत ते चाक होतं, पण उभं राहून काढलेलं, सावलीतलं, काळं. ओरखडा आधीचा की माझा हे मलाही सांगता आलं नाही आणि पैसे गेले. तेव्हापासून मी चारही चाकांसमोर उकिडवी बसते, फोनचा टॉर्च लावते आणि प्रत्येक रिमचा वेगळा फोटो काढते. मागचे लोक बघतात, बघोत. छप्पर, बंपरची खालची कड, आरशांच्या पाठी, समोरच्या काचेवरचे खडीचे टवके, सीटवरचे डाग. किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत यावा. कागदावरच्या चित्रात जो ओरखडा नाही तो नोंदवून घ्या आणि नोंदवल्याची सही घ्या. डिकी उघडून स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा डबा, तेही बघा.

मग पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसा. दिवे, वायपर, रिव्हर्स, हँडब्रेक, टाकीचं झाकण कुठून उघडतं, सगळं हाताखालून जाऊ द्या. स्टिअरिंग आपल्या सवयीच्या बाजूला नाही अशा गाडीत पहिला दिवसभर वळताना इंडिकेटरऐवजी वायपरच चालू होतात, हे ठरलेलं. इंधन कोणतं तेही झाकणावर वाचा. युरोपात २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या झाकणावर खुणा असतात: पेट्रोलला गोल, त्यात ई५ किंवा ई१०, डिझेलला चौकोन, त्यात बी७. पाइपाच्या रंगावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये हिरवा पाइप पेट्रोलचा, अमेरिकेत अनेक पंपांवर तोच हिरवा डिझेलचा. चुकीचं इंधन गेलं तर गाडी सुरू करू नका, कंपनीला फोन करा. हे नुकसानही विम्यात बहुधा नसतं. ‘फुकटात मोठी गाडी देतो’ किंवा ‘इलेक्ट्रिक देतो’ म्हणाले तर आधी अरुंद गल्ल्या आणि चार्जिंगची ठिकाणं डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रिक घेतलीच तर किती टक्के चार्ज करून परत द्यायची ते विचारा.

इंधनाचा करार ‘भरून घ्या, भरून द्या’ हाच घ्यावा. आधी पैसे भरून टाकी रिकामी परत द्यायचा पर्याय ऐकायला सोपा, पण उरलेल्या इंधनाचे पैसे परत येत नाहीत आणि टाकी शेवटच्या थेंबापर्यंत कोणी रिकामी करत नाही. परतीच्या दिवशी विमानतळाच्या जवळच्या पंपावर टाकी भरा, पावती जपा. दिवस चोवीस तासांचा मोजतात, म्हणजे सकाळी १० ला घेतलेली गाडी दुपारी आणून दिली तर आणखी एक दिवस लागतो. काही ठिकाणी अर्ध्या तासाची सूट असते, पण त्यावर विमानाची वेळ बांधू नका. परतीचं पार्किंग शोधायला आणि तिथून टर्मिनलला पोचायला हाताशी एक तास जास्त ठेवा.

परत देताना पुन्हा सगळे फोटो. कोणी माणूस असेल तर त्याच्यासमोर गाडी बघून घ्या आणि ‘नुकसान नाही’ असं लिहिलेली पावती मागा. फक्त चावी टाकायची पेटी असेल तर गाडी कुठल्या नंबरच्या जागेत लावली त्याचाही फोटो हवा. अनामत सुटेपर्यंत, आणि इटलीसारख्या ठिकाणी गेला असाल तर वर्षभर तरी, हे फोटो पुसू नका. शेवटी सीटखाली हात घाला, कप्पा उघडा, समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत अडकवलेला चष्मा काढा. आणि गाडीच्या ब्लूटूथमधून आपला फोन काढून टाका. मागच्या गाडीत मला अकरा अनोळखी फोनांची यादी दिसली होती, एकाखाली त्याचे शेवटचे पत्तेसुद्धा होते.