पोरांना एकट्याने बाजार करायला कसं शिकवायचं

पोराचं दप्तर अजून तुम्हीच भरता का? मग पहिले ते बंद करा, वही राहिली तर राहू दे, शाळेत नेऊन द्यायची नाही. आजीला पण आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती गुपचूप भरते.

बाजाराचं आम्ही नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारापासून सुरू केलं. पहिले दोन बुधवार आमचा पोरगा नुसता सोबत, पिशवी त्याच्याकडे न पैसे माझ्याकडे. तिसऱ्या वेळी 100 ची नोट हातात दिली आणि मी दहा पावलं मागे उभा, यादी तोंडीच, अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो मिरची, मेथीची जुडी. पठ्ठ्याने सगळे टोमॅटो पिलपिले आणले आणि सुट्टे मोजलेच नाही. मी ओरडलो नाही, घरी त्यालाच निवडायला बसवलं, चार टोमॅटो फेकताना तोंड बघण्यासारखं होतं! पुढच्या वेळी एकेक दाबून घेतला. आपली चूक इथेच होते बघा, भाजीवाल्या मावशीशी आपणच बोलायला लागतो, मग पोरगं कधी बोलणार. हिशोब मात्र त्याच रात्री वहीत लिहायला लावा.

रस्त्याचं वेगळं. द्वारका सर्कलसारख्या गर्दीच्या चौकात एकटं अजिबात सोडू नका, तिथे मोठ्यांचीच फे फे उडते.