हिशेब येतो? मुलांच्या संस्थेला तोच द्या

नागपुरात वाढदिवसाला मुलांच्या संस्थेत केक घेऊन जाणारी माणसं पुष्कळ आहेत. मार्चअखेरीला पावत्या जुळवायला बसणारं माणूस मात्र मिळता मिळत नाही. मी सीताबर्डीवर अकाउंट्सचं काम करतो आणि अशा एका संस्थेचे हिशेब विनामोबदला बघतो. तुम्हीही याच कामात असाल तर खरंच या. कसं सुरू करायचं ते सांगतो.

पहिल्या भेटीत काही सुचवू नका. पावतीपुस्तक, कॅशबुक आणि पासबुक मागून घ्या आणि एका महिन्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. गाडी कुठे अडते ते तिथेच कळतं. बरेचदा पावतीवर देणगीदाराचं नाव असतं, पॅन नसतो. मग 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरताना तारांबळ उडते. विवरणात नोंद नाही तर देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र नाही, आणि तो पुढल्या वर्षी दुसरीकडे वळतो. त्याची झळ मुलांच्या ताटाला बसते, म्हणून या एका रकान्यासाठी मी हट्ट धरतो. नवीन पुस्तक छापेपर्यंत पॅनच्या जागेचा रबरी शिक्का करून घ्या.

मग येतो तांदूळ. कळमना बाजारातला एखादा व्यापारी कट्टे पाठवतो आणि 80जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मागतो. वस्तूंच्या देणगीला ती सवलत नाही. रोख देणगीलाही 2000 रुपयांपर्यंतच. संस्थेच्या ताईंना हे सांगणं जड जातं, शेठ दुखावतील अशी धास्ती असते. तो फोन तुम्ही करा. ‘भाऊ, तांदूळ पोचला, मुलांच्या पंधरवड्याची सोय झाली. सवलत पाहिजे असेल तर पुढच्या खेपेला चेक द्या,’ असं मोकळेपणी सांगितलं की माणूस ऐकतो. वस्तूंसाठी पावतीपुस्तक वेगळंच ठेवा, त्यावर माल आणि वजन लिहा, 80जीचा उल्लेख नको. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मिळत नाही, हेही आधीच सांगून टाका.

वेळेचं स्पष्ट बोला. रिटर्न आणि ऑडिटच्या हंगामात आपल्याला मान वर करायला फुरसत नसते, ते ताईंना पहिल्याच दिवशी ठाऊक असू द्या. महिन्यातला एक शनिवार कबूल करा, पण तो चुकवू नका. त्या संस्थेचं ऑडिट स्वतः करू नका. लिहिणारा आणि तपासणारा वेगळाच हवा.

दवाखान्याची बिलं, शाळेच्या पावत्या यांवर मुलांची नावं असतात. ती तिथेच बसून बघा, मोबाइलवर फोटो काढून घरी आणू नका. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई आहे. माझ्या मते आपल्या स्टेटसवरही त्यांचा फोटो नको. संस्थेने पोलिस पडताळणी मागितली तर आनंदाने द्या.

आणि नोंदी तुम्ही लिहू नका. तिथल्याच कुणाला शेजारी बसवून त्यांच्या हाताने लिहून घ्या, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड ताईंकडेच राहू द्या.